डाव्या हातातली पळी

आमच्या स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीखाली एक खिळा होता आणि त्या खिळ्याला एक चिंधी टांगलेली असायची. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून केलेली, मऊसूत, वरचेवर धुऊन वाळवलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, भांडी उतरवायचं फडकं असेल. ते फडकं नव्हतं. माझ्या दीड वर्षाच्या मुलीचा डावा हात जेवताना बांधून ठेवायची ती चिंधी होती. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला तेवढाच राग येतो. येऊ दे.

श्रीवर्धनला आमची पोफळीची वाडी होती, वाडीच्या पुढच्या अंगाला घर. घरात सासूबाई, मामंजी, मी आणि मुलगी. मुलीचे वडील बोर्लीला शाळेत मास्तर होते, ते शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मुलगी नुकती वर्षाची झाली होती आणि पावसाळा सरता सरता तिला ताप आला. ताप उतरला, पण तिचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. बोटं जराशी हलायची, मूठ वळायची नाही. मुंबईला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तो हात वर उचलला, सोडून दिला, परत उचलला आणि सरळच सांगितलं, "या हातात फार काही येणार नाही. डावा उत्तम आहे. सगळं त्याला शिकवा, आणि लवकर शिकवा."

मी ते बोलणं पदराला गाठ मारून घरी आणलं. सासूबाईंनी ते उंबऱ्यातच झटकून टाकलं.

"डॉक्टरला काय जातंय सांगायला?" त्या म्हणाल्या. "मुलीची जात आहे गो. उद्या चारचौघांत डाव्या हातानं जेवायला बसली तर दारात कोण उभं करील तिला?"

सव्वा वर्षाची पोर. अजून धड 'आजी' म्हणता येत नव्हतं, आणि आजीला तिच्या सासरच्या पंगतीची काळजी.

सासूबाई दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी खोबरेल कोमट करून त्या पोरीचा लुळा हात तास तास चोळायच्या, बोट बोट ओढून. स्वतःचे गुडघे सुजलेले असायचे, त्यांना कधी तेलाचं बोट लावलं नाही. जीव होता त्यांचा तिच्यावर. पण जीव लावणारं माणूस जुलूम करायला लागलं की फार पंचाईत होते. भांडायला गेलं तर आपणच कृतघ्न ठरतो.

त्यांनी पालीच्या गणपतीला नवस बोलला होता. पोरीनं उजव्या हातानं पहिला घास खाल्ला की चांदीचा हात वाहीन. आता पहिला घास उजव्याच हाताचा हवा, म्हणजे तोवर डाव्या हाताचा एकही घास पोटात जाता कामा नये. शिवाय त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, डाव्याला सवय लागली तर उजवा आळसावेल. म्हणून ती चिंधी. जेवायची वेळ झाली की त्या पोरीला मांडीवर घ्यायच्या, डावा हात तिच्या कमरेशी धरायच्या, चिंधीचे दोन वेढे, एक गाठ, आणि मग मऊ भाताचे घास. पोरीनं फक्त तोंड उघडायचं. नाही उघडलं तर तान्ह्यांना दूध पाजायचं बोंडलं होतंच. त्याची चोच ओठांत घातली की पेज आपोआप घशाखाली उतरायची.

या वयाचं मूल ताटात हात घालतं. ते शिकवावं लागत नाही. शेजारची पोरं भात कानात घालायची, केसांना फासायची, निम्मा खायची आणि निम्मा सांडायची, आणि त्यांच्या आया हसून अंग पुसायच्या. माझी मुलगी पाय झाडायची. "मी, मी" एवढा एकच शब्द तिला पुरेसा येत होता आणि तो ती ओरडून ओरडून सांगायची. चिंधीखालचा हात वळवळायचा. मला ते बघवायचं नाही आणि मी चुलीकडे तोंड करून भाकऱ्या थापत बसायची. त्या दिवसांत माझी एक भाकरी धड गोल झाली असेल तर शपथ.

मी भांडले नाही असं नाही. एकदा म्हणाले, "सासूबाई, जेवताना पाण्याचं भांडं तुम्ही डाव्या हातानंच उचलता ना? उजवा खरकटा असतो म्हणून. मग त्या वेळी डावा हातच चोख झाला की नाही?"

"पाणी ते पाणी, अन्न ते अन्न. फार शहाणी आहेस."

शनिवारी मुलीच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी टोपी खुंटीला लावली, पाय धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जरा दमानं घे. आईचं वय झालंय." शाळेत साठ पोरांना छडीच्या धाकात ठेवणारा माणूस घरात आला की मूग गिळून बसायचा. मामंजींना काही सांगायची तर सोयच नव्हती. सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं ते दाराआडून, आणि तेही पान वाढलंय एवढंच. ते मुळात कमी बोलायचे. संध्या, पूजा, वाडीतलं शिंपणं आणि ओटीवर सुपारी कातरत बसणं, एवढ्यात त्यांचा दिवस जायचा.

शेवटी मी माझा मार्ग काढला. माहेराहून आलेला औषध पाजायचा एक लहान चमचा माझ्या पेटीत होता. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी पोरीला कडेवर घ्यायची, नारळाच्या करवंटीत मेतकूट-भात घट्ट कालवून पदराखाली धरायची आणि वाडीत रहाटापलीकडे जाऊन बसायची. पोफळींच्या सावलीत ओल असायची, डास फोडून काढायचे. पण तिथं चिंधी नव्हती.

चमच्यानं खाणं किती अवघड असतं हे मला तिथं कळलं. आपण विसरून गेलेलो असतो. पोर चमचा करवंटीत खुपसायची, भात घ्यायची आणि तोंडाशी येईतो तिचं मनगट उलटायचं, की भात मांडीवर. मग रिकामा चमचा चोखून माझ्याकडे बघायची, फसवल्यासारखी. घास हनुवटीला लागायचा, नाकाला लागायचा, एकदा तर थेट भुवईला. पहिल्या पहिल्यांदा मी तिची मूठच धरून चमचा तोंडाशी न्यायची. ते तिला चालायचं नाही, लगेच "मी, मी" सुरू. मग मी तिच्या मागे बसून नुसतं तिच्या कोपराखाली दोन बोटं ठेवायला लागले. कोपर वर राहिलं की मनगट उलटत नाही. भात पातळ असला तर ओघळतो, घट्ट असला तर चमच्याला धरून बसतो. हळूहळू माझी बोटं नुसती नावाला राहिली. एक दिवस मी ती काढून घेतली आणि तिला पत्ताच नाही. चमचा सरळ वर गेला, तोंडात शिरला, रिकामा बाहेर आला. पोरगी मागे वळली आणि सगळे चार-सहा दात दाखवून हसली. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

मागच्या दारात सासूबाई उभ्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. जवळ आल्या, पोरीच्या हातातून चमचा काढून घेतला. "माझा नवस मोडलास," एवढंच म्हणाल्या, आणि घरात जाऊन तो चमचा कपाटात टाकून कुलूप लावलं. चावी कमरेला. सोनंनाणं नव्हे, चमचा! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचाही राग आला. पोर संध्याकाळपर्यंत कपाटाच्या दाराशी बसून लाकडावर थापा मारत होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई गावातल्या गणपतीच्या देवळात जाऊन नाक घासून आल्या. कोवळं पोर आहे, आईची चूक आहे, तो घास धरू नकोस, असं देवाला सांगितलं म्हणे. देवाशी परस्पर तडजोड झाली. चिंधी परत खिळ्यावरून उतरली.

पुढचं जे झालं ते मात्र कुणाच्या मनीध्यानी नव्हतं. मामंजी सकाळी संध्येला बसायचे तेव्हा पोर त्यांच्यासमोर फतकल मारून बसायची. ताम्हन, पंचपात्री, पळी, सगळं लखलखीत. आचमन करताना ते डाव्या हातात पळी घ्यायचे, पळीतलं पाणी उजव्या तळहातावर ओतायचे आणि तळहात ओठांशी नेऊन पिऊन टाकायचे. जन्मभर रोज हेच. मी लग्न होऊन आल्यापासून रोज बघत होते आणि माझ्या कधी डोक्यात शिरलं नाही. पोरीच्या शिरलं.

त्या दिवशी मामंजी संध्या आटोपून अर्घ्याचं पाणी तुळशीला घालायला गेले होते. सासूबाईंनी नैवेद्याचा दूधभात वाटीत घालून देवापुढे ठेवला होता, नैवेद्य दाखवून झाला होता. मी दाराशी कणीक मळत होते. पोरीनं डाव्या हातात पळी उचलली. वाटीतला भात पळीत घेतला. उजवा हात मांडीवर पडलेला होता, तळवा वर. त्या तळव्यावर तिनं तो भात अगदी बेतानं ओतला. तो हात काही वर येईना. तेव्हा तिनं मानच खाली घातली, पार मांडीपर्यंत, आणि तळव्यावरचा भात खाल्ला.

"अगो बाई!" सासूबाई मागून किंचाळल्या. "उजव्या हातानं खाल्लंन! बघितलंस? उजव्या हातानं!"

त्यांनी पोरीला उराशी धरलं, देवापुढे डोकं टेकलं, हसल्या, रडल्या. मामंजी आत आले. त्यांची संध्येची पळी पोरीच्या हातात, भातानं माखलेली, उष्टी. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी पळीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती राहू दे तिलाच." दुसऱ्या दिवसापासून ते देवघरातली जुनी चेपलेली पळी वापरायला लागले. बोलले मात्र काही नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्याचाही मला तेव्हा संतापच आला. एवढं दिसतंय, मग बोला की!

सोनाराकडे हात करायला गेला. बोटभर लांबीचा, पातळ पत्र्याचा, उजवा. एस.टी.नं, माणगावला गाडी बदलून आम्ही पालीला गेलो. पोरीला वाटभर ओकाऱ्या. सासूबाईंनी देवाला हात वाहिला, पाच सुवासिनींना पेढे दिले. मी नमस्कार केला, पण मनातून देवाला म्हटलं, तुला दिसतंय ना काय चाललंय ते?

कारण चाललं होतं ते असं. चिंधी सुटली होती, खिळ्यावर नुसती टांगलेली होती, पण आता सासूबाईंचा नेम झाला होता की प्रत्येक घास तळहातावरूनच गेला पाहिजे. डाव्या हातातली पळी थेट तोंडाकडे निघाली की त्या मनगट धरायच्या आणि उजव्या तळव्याकडे वळवायच्या. "असं, माझी बाय ती. देवानं दाखवलंन तसं." आणि माझी मुलगी प्रत्येक घासाला वासरासारखी मान खाली घालून स्वतःच्या मांडीतलं खायची. भात फ्रॉकला, केसांना. मानेला रग लागली की रडायची. हात बांधलेला बरा होता असं म्हणायची पाळी माझ्यावर आली. देवाच्या नावानं माझ्या पोरीला जनावरासारखं खायला लावलं होतं आणि घरात सगळे म्हणत होते, किती गुणाची!

आंबे पिकायला लागले तसं नवस फिटल्याचं जेवण ठरलं. भाऊबंद, शेजारी, सासूबाईंच्या माहेरची माणसं. ओटीवर पंगत मांडली. मामंजी पहिल्या पाटावर, शेजारच्या लहान पाटावर पोर, नवीन परकर-पोलक्यात. तिच्यासाठी चिमुकलं ताट, त्यात रसाची वाटी आणि तीच तांब्याची पळी. सासूबाई तिच्यामागे बसल्या. त्या दिवशी तिचा उजवा हात सगळ्यांना दाखवायचा होता.

"बघू दे हो, कशी जेवते ती," कुणीतरी म्हणालं.

पोरीनं पळीत आमरस घेतला आणि शिकवल्याप्रमाणे उजव्या तळव्यावर ओतला. रस तो. तळव्यावर थांबणार थोडाच? मनगटावरून कोपराकडे ओघळला, नव्या परकरावर उतरला. तिनं मान खाली घालून चाटायला बघितलं तर नाकाला लागला. पंगतीत कुणी हसलं. एक बाई "बिचारी" म्हणाली. पोरीनं मान वर केली, सगळ्यांकडे पाहिलं. परत पळी भरली. या खेपेला ती थेट तोंडाकडे निघाली, कोपर वर, मनगट सरळ, रहाटाजवळ शिकली होती तशी.

सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं.

माझ्या हातात रसाचं पातेलं होतं. ते मी पंगतीच्या मधोमध दाणकन खाली ठेवलं. "सोडा तिचा हात," मी म्हणाले. एवढ्या पुरुषमाणसांत माझा आवाज त्याआधी कुणी ऐकला नव्हता, मीसुद्धा नाही. "सोडा आधी. तो एकच हात दिलाय देवानं तिला चालता. त्याला का धरता? काय वाईट केलंय त्यानं तुमचं?"

कुणी जेवेना. मुलीचे वडील पानावर डोळे लावून बसले. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण मनगट सुटलं नव्हतं. पोरीच्या पळीतला रस थेंब थेंब पाटावर गळत होता.

मामंजी पोरीकडे वळले. ते सोवळ्यात होते, पानावर बसलेले, जेवणाआधीचं आपोशन घेतलेले. त्या अवस्थेत ते कुणाला शिवून घेत नसत. त्यांनी वाकून तोंड पुढे केलं.

"बाळ, मला भरव," ते म्हणाले.

सासूबाईंची बोटं आपोआप सैल झाली. पोरीनं आजोबांकडे एकदा बघितलं. मग डाव्या हातातली ती पळी, उष्टी, निम्मी सांडलेली, कोपर नीट वर धरून तिनं त्यांच्या तोंडात घातली. एक थेंब सांडला नाही. मामंजींनी रस गिळला. मिशीला लागलेला पुसलासुद्धा नाही.

"गोड आहे," ते म्हणाले. "आता तू खा." मग पंगतीकडे बघून, रोजच्यासारखंच, "हं, सावकाश होऊ द्या मंडळी."

पंगत जेवायला लागली. मी पातेलं उचललं आणि वाढायला लागले, पण मला दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. लोक म्हणाले, आनंदानं आले असतील. आनंद होता, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त राग होता. मी इतके महिने घसा कोरडा करून सांगत होते, डॉक्टर सांगत होते, ती पोर स्वतः ओरडून सांगत होती, तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही. घरच्या कर्त्या पुरुषानं एक घास खाल्ला आणि डावा हात चोख झाला! हा घास त्यांना चार महिने आधी नसता का खाता आला? त्यांचे उपकार मी विसरले नाही, आणि हा प्रश्नही विसरले नाही.

त्याच संध्याकाळी मी खिळ्यावरची चिंधी काढली आणि न्हाणीच्या चुलीत, पोफळीच्या वाळक्या झावळ्यांवर टाकली. सासूबाई पाणी तापलं का बघायला आल्या होत्या. त्यांनी ती जळताना पाहिली आणि रिकामी बादली उचलून परत गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भात उतरवत होते. सासूबाईंनी पोरीचा पाट मांडला, ताट ठेवलं, भात वाढून त्यावर तूप घातलं. मग जुन्या सवयीनं त्यांचा हात फळीखालच्या खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. त्या तिथं हात वर धरून जराशा थांबल्या. मग फळीवरची पळी घेतली, पदरानं पुसली आणि ताटाशी ठेवायला वाकल्या. आधी उजव्या बाजूला ठेवली. मग उचलली आणि डाव्या बाजूला ठेवली.

"ये गो बाळे," त्यांनी हाक मारली. "जेवायला ये."

मी चुलीतली लाकडं मागे ओढली. बोलले असते तर अजूनही वाईटच बोलले असते.